स्टॉल क्रमांक एकवीस

अकोट्याच्या सभागृहात एसी इतका
की किन्नरीबेननं साडीवर कोट चढवलाय.
"अख्खा कोर्स एका अंगठ्यात!" ती सांगते,
दर वीस मिनिटांनी, तशीच थांबून, तशीच हसून.
मी मागे. केबली, पॉवरबँक, पेढ्यांचा डबा.
तो अंगठा तसा माझाच म्हणा:
'पुढे'चं बटण मी अठरा वेळा हलवलंय,
शेवटी खाली, उजव्या कोपऱ्यात,
जिथं तो न ताणता पोचतो.

जेवणानंतर वाघोडियाहून एक फोरमन आले.
बिल्ल्यावर नाव, धनसुख परमार.
धडा तिसरा, प्रेस मशीनची सुरक्षा.
फोन डाव्या हातात धरून
उजव्या तर्जनीनं टोचत राहिले.
"अंगठ्यानं, काका."
त्यांनी हात वर केला.
अंगठा पहिल्या पेरापाशीच संपलेला.
"हाच धडा," गुजरातीत म्हणाले,
"अठ्ठ्याण्णव साली. मशीननंच घेतला."

किन्नरीबेननं पेढा पुढे केला.
त्यांनी तो खिशात ठेवला, धडा पुरा केला,
दहापैकी नऊ.
"सातवं उत्तर तुमचं चुकलंय.
गार्ड नंतर. आधी वीज."
मी ते त्यांच्याच कार्डामागं लिहून घेतलं.

शाळेत आम्ही 'अंगठाबहाद्दर' म्हणून
कुणाकुणाला चिडवायचो.

रात्री कारेलीबागेत, झोपाळ्यावर,
अंगठा मुठीत दुमडून
नुसत्या तर्जनीनं मी ॲप उघडते.
'पुढे' कुठंच नीट लागत नाही.
पाय टेकवून झोपाळा थांबवते,
लॅपटॉप मांडीवर ओढते.

एकोणिसाव्यांदा.
आधी सातवा प्रश्न.