रकाना सात

नेरिस प्रॉबर्ट, लानेथ्ली.
अर्ज निळ्या शाईत, अक्षर रकान्याबाहेर कुठंच नाही.
मुलगा इवान. रक्त चढवलं तेव्हा वय नऊ,
गेला तेव्हा अकरा.
बाटलीचा क्रमांक: ठाऊक नाही, कागद तुमच्याकडेच होते.

रकाना सात: बुडालेलं उत्पन्न.

*शेजाऱ्यांची गाडी धुवायचा, दर शनिवारी पन्नास पेनी.
त्यातले वीस एकदा मी उसने घेतले,
फेडायचे राहिले.
माझ्या रकमेतून वजा करावेत.*

मी कार्डिफच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर.
वजाबाकीला आमच्याकडे रकाना नाही.
साहेब म्हणतात, शून्य लिही, पुढचा घे.

समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
वीस पेनी, सरकारकडून येणे.

साहेबांची सही अजून व्हायची आहे.