वरच्या मजल्यावरची चौदा पावलं

मार्चच्या मध्यावर साऱ्या सारागोसाला कड्या लागल्या
तेव्हा, खरं सांगतो,
मला हायसं वाटलं.
सत्तावन्न वर्षं मी दुसरं काय करत होतो?
जिन्यात कुणी वाजलं की ते उतरून जाईस्तोवर
दाराआड थांबायचं,
गर्दी नको म्हणून आदल्या दिवशीचा पाव खायचा.
आता सरकारच म्हणत होतं, असंच राहा.
आयुष्यात पहिल्यांदा मी नियमात बसलो.

मी दात बनवतो. लोकांचे.
दवाखाना बंद झाला तेव्हा टेबलावर तीन कवळ्या अर्धवट,
त्यातली एक एलादिओ बेराइस यांची, वरची.
हिरड्यांना गुलाबी रंग द्यायचा राहिलेला.
म्हातारा काय खात असेल, हा विचार
रोज दुपारी माझ्या ताटाशी येऊन बसायचा.

वर कासिल्दा. केस कापायचं दुकान तिचं.
तिच्या बोलण्याला पूर्णविराम नसतो,
हे मला छतातून ठाऊक.
अकरा वर्षांत मी तिच्याशी दोन वाक्यं बोललो
आणि झाडूचा दांडा छताला ठोकला, तो किती वेळा
ते पोपडा उडालेल्या जागेला विचारा.

पहिल्या आठवड्यात ती गॅलरीतून अख्ख्या गल्लीशी बोलली.
रात्री आठच्या टाळ्यांत
तिची टाळी सगळ्यांत शेवटी थांबायची.
मग केक. वास पाइपातून खाली.
मग एका सकाळी माझ्या खिडकीच्या कठड्यावर
तांबूस केसांचे झुपके:
गिऱ्हाईक नाही म्हणून तिनं स्वतःवरच कात्री चालवली असावी.
मग केक नाही, केस नाहीत,
टाळ्यांच्या वेळी वरची खिडकी बंद.

उरली पावलं.
खिडकीपासून दारापर्यंत चौदा. वळण. पुन्हा चौदा.
रात्री दोनला. साडेतीनला.
मी मोजू लागलो, आणि मोजता मोजता
माझीही झोप गेली.
उपास करणाऱ्याला
घरात फळं आहेत याचा धीर असतो ना,
तसं होतं माझं एकटेपण.
माणसं आहेत, आपण जात नाही, इतकंच.

एका रात्री पावलं नऊवर थांबली.
दहावं आलंच नाही.
बाहेर सिएर्सो वारा फटीफटीतून शिट्या घालत होता.
मी झाडू घेऊन पलंगावर चढलो.
तोच दांडा, तेच छत.
तक्रार कशी ठोकतात ते येत होतं मला.
विचारपूस कशी ठोकायची?

हळूच. एकदा.

बराच वेळ काही नाही.

मग टाच. एकदा.
मी दोनदा. ती दोनदा.
आणि मग धडाधड, उलटसुलट, तालबिल सोडून,
चांगला अर्धा तास!
टाचेनंसुद्धा पूर्णविराम देईना ती.
हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात.
माझे त्या रात्री दिसले,
टेबलावरच्या तीन कवळ्यांना.

मेमध्ये दारं उघडली.
पहिल्याच पहाटे सहाच्या ठोक्याला
ती दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेली.
मी बूट घालून, नाड्या बांधून
दाराच्या आतच.
हातात एलादिओंची कवळी, रंग दिलेली, कागदात गुंडाळलेली.
कडीला हात लावला की तळव्याला घाम.
सात दिवस रोज बूट घातले,
रोज काढले.
नियम सुटला, आणि मी
नियमाच्या आत राहून गेलो.

आज, आठव्या दिवशी,
छतातून टाच. हळूच. एकदा.

मी झाडू शोधतोय.
पलंगाखाली नाही, मोरीत नाही.
मग आठवलं:
जिना झाडायला परवा तळमजल्याच्या ओब्दुलियानं मागितला,
मी फटीतून दिला,
आणि ती तो परत आणून
बाहेर, दाराला टेकवून गेली आहे.

वर ती थांबलीये.
इतका वेळ गप्प राहिलेली
मी तिला कधी ऐकली नव्हती.