दोन फांद्या

अशोक चौकाच्या बाजूनं मागांचा आवाज येत राहतो,
जेवणाच्या सुट्टीतही कुणाचा तरी एक चालूच.
मी कागद पुढे सरकवला. त्यावर झाड होतं,
आडवं, मूळ डावीकडे. पडलेलं नाही,
ते काढतातच तसं.

राजमणी म्हणाली, "यात आम्ही कुठं?"

पेनाचं टोक ठेवलं. हा अंबादास.
त्याच्या आसपास नुसते नंबर, कुठलेही असतील, विजापूरचे, लातूरचे.
आणि तू… इथे नाही. खाली. अजून खाली. हं, इथे.
मध्ये माझी वीत बसली.

अकरा वर्षं.
दुसऱ्या खेपेला, पाचव्या महिन्यात, तिचं रक्त आधी बोललं
म्हणून सासूनं तिचं ताट वेगळं केलं.
महिन्यानं त्याचं बोललं.
ताट काही परत आलं नाही.
तिनं ठरवून टाकलं: यानंच आणलं, सुरतेहून.
त्यानं काय ठरवलं, कधी सांगितलं नाही.
हजार विड्यांमागे एक शिवी ती मनात वळायची,
आणि रात्री नऊला गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची.

विषाणू स्वतःची नक्कल करतो, करताना चुकतो.
आम्ही त्या चुका मोजतो.
याच्याकडून तिच्याकडे गेला असता, तर चुका जुळल्या असत्या,
कार्डातलं एक भोक चुकलं की
मोराची मोडकी चोच चादरीमागून चादरीत उतरते, तशा.
यांच्या जुळल्या नाहीत.

"म्हणजे त्यानं नाही दिलं मला."
नाही.
"मीबी नाही त्याला."
नाही.
"मग?"

या 'मग'चं उत्तर झाडात नसतं.
पहिल्या बाळंतपणात चढवलेली बाटली असेल.
दुसरंही काही असेल.
मी विचारलं नाही. त्यासाठी ही खुर्ची नाही.

तंबाखूनं पिवळी पडलेली दोन बोटं तिनं कागदावर ठेवली,
एक त्याच्या फांदीवर, एक स्वतःच्या.
मला वाटलं, आता रडेल. किंवा सुटल्यासारखं हसेल.
म्हणाली,
"एवढं तरी दोघांचं एकच असंल, असं वाटलं होतं."

बाहेर बाकावर ती त्याच्याशी तेलुगूत बोलली, थोडंच.
त्यानं मान वर केली नाही. पिशवीतल्या शेंगा
मुठीनं तिच्या पदरात टाकत राहिला.

गोळ्यांच्या खिडकीवर त्याचा नंबर सव्वीस, तिचा एकतीस.
सव्वीस पुकारला, त्यानं गोळ्या घेतल्या,
आणि परत येऊन बसला.