छत्तीस, त्रेसष्ट

दर दुसऱ्या मंगळवारी, वारा जाऊ देईल तेव्हा,
मर्डीना फिरत्या वाचनालयाची गाडी काढते
लुइस बेटाच्या पश्चिम कडेने.
पीटचे काळे ढीग, ओल्या मेंढ्या,
आणि प्रत्येक वळणावर मागे घसरणारी
प्रेमकथांची अख्खी फळी.

ती फळी सगळ्यात आधी रिकामी होते.
बायका नेतात, वर विणकामाचं पुस्तक ठेवून.
कोळंबीच्या बोटीवरचा रुअरी नेतो, ‘आईसाठी’.
आई जाऊन सहा वर्षं झाली.
मर्डीना तारखेचा शिक्का मारते,
आईची खुशाली विचारत नाही.

गोष्ट बहुतेक एकच.
त्याला तिची जमीन हवी असते, किंवा तिच्या बापाचा सूड.
तिच्या जिभेला धार. त्याच्या कपाळाला आठी.
मग बर्फात रस्ता बंद होतो
आणि खाणावळीत नेमकी एकच खोली उरते.
छत्तीसाचा आकडा तो, पाठीला पाठ लावून बसलेला तीन आणि सहा.
लेखिका नुसती त्यांची जागा बदलते
की झाले त्रेसष्ट,
नाकासमोर नाक.

मर्डीनाला आवडतं हे. खोटं कशाला बोला.
प्रेमातला माणूस तुमच्या डोळ्यांचा रंग विसरेल,
वैरी नाही विसरत.
तुम्ही चहा कसा ढवळता, कुठल्या शब्दावर आवाज चढतो,
खोटं बोलताना कुठलं बोट हलतं,
सगळं त्याला तोंडपाठ.
इतकं लक्ष देऊन
तिचा कुणी द्वेषसुद्धा केलेला नाही.

ऑक्टोबरात समासात पेन्सिल उमटायला लागली.
पान एकेचाळीस, तो तिची पत्रं जाळतो:
‘माझीही.’
पान अठ्ठ्याऐंशी, भरल्या पंगतीत तिची टर उडवतो:
‘मला वाटायचं, आतून असेल.’
पान एकशे बारा, दार अडवून उभा राहतो,
आणि तिचं काळीज धडधडतं (लेखिका म्हणते, ओढीनं):
‘अकरा वर्षं थांबले. पुढचं पान आलंच नाही.’

अक्षर बारीक, डावीकडे कललेलं.
पुस्तकाला शाळेच्या फरशीचा वास, फिनाइलचा.
त्या रस्त्यावर असा वास एकाच घरी.
शोनाग. चार पुस्तकं, नेहमी चारच.
नवरा गेल्या वर्षी बोटीने पलीकडे गेला, कुत्रा घेऊन.
गाव कुत्र्यासाठी हळहळलं.

नियम सांगतो, खुणा खोडाव्यात.
मर्डीना समुद्राकडे तोंड करून गाडी थांबवते,
डबा उघडते, सँडविच बाजूला ठेवते, खोडरबर घेते.
एकेचाळीस गेलं. अठ्ठ्याऐंशी गेलं.
एकशे बारावर हात थांबतो.
कुणीतरी सोळा वर्षांची हे पुस्तक नेईल,
दार अडवणाऱ्याला ओढ समजेल.
हे राहू दे.

आणि शेवटचं पान, जिथे तो गुडघ्यावर बसतो,
सगळ्या अपमानांचा हिशेब एका वाक्यात मिटतो,
तिथे खाली, पेन्सिल जरा दाबून:
‘तरी रडले.’

हेही राहू दे.

डिसेंबरात पुस्तक परत आलं, रुअरीच्या पिशवीतून,
खाऱ्या पाण्याने फुगलेलं.
एकशे बारावर कुणी काही लिहिलं नव्हतं,
फक्त त्या ओळीभोवती एक चौकट,
खोक्यांवर वजन टाकायच्या जाड पेन्सिलीची.
शेवटच्या पानावर त्याच पेन्सिलीने:
‘मीपण. आईला सांगू नका.’

मर्डीना एकटीच हसली, काच धूसर होईपर्यंत.
त्या दोघांचं कधी भांडण झालेलं नाही.
गावं सात मैलांवर, ओळख मान हलवण्यापुरती.
अशातून कुठली कादंबरी होणार?
कुणाची जमीन नाही, सूड नाही,
खोल्या तर दोन्ही घरांत रिकाम्याच.

तिने पुस्तक फळीवर ठेवलं नाही.
शोनागच्या चार पुस्तकांत
पाचवं सरकवलं,
आणि गाडी सुरू केली. पहिल्या खेपेला झालीच नाही.