सेक्टर २०४८

पहिलं पार्टिशन सेक्टर दोन हजार अठ्ठेचाळीसपासून सुरू होतं.
त्याआधीची जागा मोकळी सोडायची, असा रिवाज.
करावे गावात दाराआधी ओटा सोडतात, तसा.

ही डिस्क बाबांची. पाचशे जीबी,
नेरूळच्या दुकानातून हप्त्यावर घेतलेली.
वर मार्करने: द. रा. भोईर. हात लावू नये.

बाबा मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायचे.
पहिलं साहेबाच्या हातात.
भातखाचरं होती तिथे सेक्टर पडले,
चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस,
आणि जेवताना ते ताटातल्या भातालाही
बोटाने बांध घालायचे.

मला ही जागा हवी आहे.
लिनक्स टाकायचंय. होमला वेगळा तुकडा,
स्वॅपला आठ जीबी. त्याआधी सगळं पुसायचं.
पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून
डिस्क माउंट केली आणि आत शिरले.

वीजबिलं. नकाशांचे तिरके फोटो,
कोपऱ्यात त्यांचा अंगठा.
‘कोलंबी’ नावाचं फोल्डर, त्यात नुसते भाव.
माझा बारावीचा निकाल अकरा वेळा सेव्ह केलेला:
निकाल १, निकाल २, निकाल नवीन, निकाल खरा.
खरा तेवढा पेनड्राइव्हवर घेतला.

रात्री दीडला म्हटलं, पुरे.
अनमाउंट.
उत्तर आलं, डिस्क वापरात आहे.
कोण वापरतंय?
फोटो बंद केले, सगळ्या खिडक्या बंद केल्या.
पुन्हा तेच. वापरात आहे.
आतल्या खोलीतून आई: निज गो आता.

मग यादी मागवली, डिस्क कुणी धरून ठेवलीय त्याची.
एकच ओळ. वापरकर्ता: मी.
माझंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं होतं,
काहीही न करता.

नुसतं सीडी लिहिलं, पुढे काहीच नाही,
की माणूस होममध्ये परत येतो.
आले.
डिस्क सुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

आता तक्ता समोर आहे, नवे बांध आखून.
डब्ल्यू दाबेपर्यंत यातलं काहीच खरं नाही,
सातबाऱ्यावर चढेपर्यंत सगळं तोंडीच, तसं.
शेवटी चार जीबी उरतात,
कुठल्याच तुकड्यात न बसणारे.
साहेब असता तर म्हणाला असता, मोजणी चुकली.
मी ते तसेच सोडले
आणि डब्ल्यूवर बोट ठेवलं.