हाड

पाच वर्षांपूर्वी आईची पिशवी काढली.
असंच म्हणतात आमच्याकडे, पिशवी,
जणू खुंटीवरून उतरवली.
बरणी मीच नेली धंतोलीच्या लॅबमध्ये,
ऑटोत, मांडीवर घट्ट धरून.
ऑटोवाला म्हणाला, लोणचं हाय का ताई?
सांडू नका सीटवर.
त्यात मी राहिले होते नऊ महिने.

मग विसरलो.
यंदा होळीनंतर डावा खुबा दुखू लागला.
वात असेल, साठी ओलांडली.
मस्कासाथेतून तेल आणलं, विटकर तापवून शेकलं,
मी चोळलं, जोर लावून,
याच हातांनी.

"गिरजाबाई निखारे" असा पुकारा झाला, सुई दिली.
तीन तास थांबा, पाणी प्या,
लहान मुलांना जवळ घेऊ नका.
बाहेर शेहेचाळीस. कूलरमधलं पाणी संपलेलं.
एक बाई कडेवरचं लेकरू घेऊन
शेजारी टेकायला आली, तशी आई उठली,
लंगडत कोपऱ्यात गेली.
"माह्याजवळ नको आणू वं त्याले."
बाईचा चेहरा उतरला. तिला वेगळंच वाटलं.
मला समजावता आलं नाही.

फिल्मवर आई, समोरून आणि पाठमोरी.
इतकी उघडी मी तिला कधी पाहिली नव्हती.
खुब्यात काळं, कण्यात दोन, फासळीत एक.
डॉक्टर म्हणाले, हाडांचा नवा आजार नाही हा,
जुनाच आहे, पिशवीतला.
"पण ते तर काढली न?" आईनं विचारलं.
त्यांचं पेन फासळीवरच थांबलं.

गोळीबार चौकात चाळीस वर्षं
तिनं मागाच्या कांड्या भरल्या, हाडाची काडं केली.
घरी येताना ऑटोत एवढंच बोलली,
"धागा तुटला त गाठ मारता येते.
कसर लागली का नाही,
घडी उकलल्याबिगर समजत नाही."

आता मशीनचा शेक. एकूण पाच.
कमरेवर जांभळ्या शाईची फुली,
ती पुसू द्यायची नाही.
आंघोळीला बसली की फुलीवर हात धरते,
दिव्यावर धरावा तसा.
तिसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत झोपली.
मी जागीच. सवय.

काल रात्री दीडला अंधारात तिचा आवाज,
"हाड!"
मग पुन्हा, जरा हळू, "हाड."
फाटकाशी कुत्रं होतं की नव्हतं,
मी उठून पाहिलं नाही.

उद्या पाचवा.
तुकडोजी चौकात आठच्या आत पोचायचं,
ऊन चढायच्या आधी.