वीतभर जास्त

माझं काम सोपं आहे.
पिवळं जाकीट घालून धक्क्यावर उभं राहायचं,
नाकापासून शेपटीपर्यंत टेप धरायची
आणि सांगायचं, पाच मीटरच्या आत की बाहेर.
बेटावर जायचा दर त्यावर ठरतो.
दुधाचा ट्रक, मेंढ्यांचा ट्रेलर,
एकदा तर शवपेटी नेणारी काळी गाडी,
टेप कुणाला ओळखत नाही.

जुलैतल्या त्या मंगळवारी ऊना मॅकफी आल्या
भावाची हिरवी टू-सीटर घेऊन.
गाडी कसली, पायातला बूट.
आत शिरायचं म्हणजे आधी जवळजवळ जमिनीवर बसायचं,
मग एकेक पाय ओढून घ्यायचा,
सत्तरीच्या गुडघ्यांना शिव्या देत.

आणि टपावर कयाक.
दोन हिवाळे शेडमध्ये बसून स्वतः चिकटवलेली,
प्लायवूडची, मधाच्या रंगाची.
खाली स्पंजाचे दोन ठोकळे,
पट्टे दारांतून आत घेऊन डोक्यावर आवळलेले,
बॉनेटच्या पुढे चोच, मागे शेपटीला लाल फडकं.
वळणावर दिसली तेव्हा वाटलं,
कयाकच येतेय चालत,
चार चाकं पोटाशी धरून.

मी टेप लावली.
पाच मीटर सतरा.
"वीतभर जास्त आहे, बाई. मोठ्या गाडीचा दर पडेल."
"टॉरकिल, नऊचा पाढा तुला कुणी शिकवला?"
"तुम्ही."
"मग?"
"मग पाच मीटर सतरा."

मागे चार गाड्या खोळंबलेल्या.
वरून लॉखलननं भोंगा दिला.
कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा, असं म्हणतात.
इथं दोन्ही एकदमच होणार होतं,
नावेवर गाडी, गाडीवर नाव,
आणि जिला पाणी मुळात अडवतच नव्हतं
तिकीट नेमकं तिलाच.

बाई काही बोलल्या नाहीत.
वर्गात फळा पुसताना गप्प व्हायच्या, तशा.
मग पट्ट्यांची बकलं सोडायला लागल्या.

दुसरं टोक मी धरलं.
मोठ्या कोकराएवढं वजन,
पण उतारावर शेवाळ होतं, आणि आम्ही दोघं
लग्नात बाकडी हलवणाऱ्यांसारखे
एकमेकांना "सावकाश, सावकाश" म्हणत उतरलो.
त्या आत बसल्या. किल्ली माझ्याकडे फेकली.
"गाडी तू ने. तीन मीटर नव्वद आहे. आतला दर लाव."

सीट गंजून भावाच्याच मापावर अडकलेली.
बाईंनी पाठीशी तीन उशा रचल्या होत्या.
त्या काढल्यावर मला नेमकी बसली.
पायांपाशी तंबाखूचा जुना वास,
पेट्रोलची एक पावती, त्याच्या अक्षरात मागे लिहिलेलं :
खिळे, दूध, ऊनाला फोन.

इतक्या खालून समुद्र दिसत नाही.
कठड्याचा पत्रा दिसतो आणि आभाळ.
पाणी निघून जायला ठेवलेल्या फटीतून
मधूनच वल्ह्याचं ओलं पातं चमकायचं,
मग नाही, मग पुन्हा.
लॉखलननं इंजिन कमी केलं होतं.
का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तरी आम्हीच आधी पोचलो.
सगळ्या गाड्या गेल्या. मी थांबलो.
त्या आल्या कोपरापर्यंत भिजून, नाक लाल,
आणि पहिलं वाक्य, "माझ्या उशा कुठेत?"

पुन्हा उचलली, पुन्हा चढवली.
काचेवर कयाकमधलं पाणी ओघळलं,
त्यांनी वायपर लावला, जणू पाऊस आहे.
चपट्या पट्ट्याला एक पीळ द्यावा लागतो,
नाही तर वाऱ्यात तो गुणगुणतो, हे मला ठाऊक आहे.
मी तिघांना दिला.
चौथा त्यांनी आवळला होता, घाईत, सरळ.

गाडी चर्चच्या चढाला लागली.
लाल फडकं दिसेनासं झालं,
आणि तो एक पट्टा
बराच वेळ ऐकू येत होता.